टाक्याकाठच्या चपला

दुपार कलायला लागली होती. अंबडच्या ठाण्यासमोर एक माणूस घोड्यावरून उतरला आणि धापा टाकत आत आला. भिवाईच्या गडावर जालन्याच्या शेटजींची विधवा सून टाक्यात बुडाली, काकासाहेबांनी फौजदारांना असेल तसं बोलावलंय, एवढंच त्यानं सांगितलं.

फौजदार रामराव जेवून नुकतेच आडवे झाले होते. ते चडफडत उठले आणि एका शिपायाला घेऊन निघाले. त्यांचा राग तालुकाभर ठाऊक होता, आणि चोरांपेक्षा शिपाईच त्यांना जास्त भीत.

गडाच्या खालच्या दरवाजाशी त्या रागाला पहिलं निमित्त मिळालं. गुरवाची म्हातारी गोजरबाई वाटेतच बसली होती. तिच्या शेजारी जोडे-चपला ओळीनं मांडल्या होत्या.

"बूट काढा साहेब," ती म्हणाली. "इथून वर आख्खा गड देवीचा हाये. पायताण वर जात न्हाई."

"मी सरकारी कामावर आहे."

"निजामाचे अंमलदार बी काढूनच जात व्हते."

रामरावांनी बूट काढले. पुढची सगळी चढण ते सराट्यांना, तापलेल्या दगडांना आणि सहली काढणाऱ्या शेटजींना शिव्या घालत चढले.

वर मोठ्या टाक्याभोवती गाव जमलं होतं. दोन पोहणारे गडी बुड्या मारून दमले होते. पाणी हिरवं आणि खोल, तळ कुणालाच लागला नव्हता. काठावर बायकी चपलांचा एक जोड नीट जुळवून ठेवला होता. जाता जाता बाईनं देवीचा गड बाटवला, असं बायका आपसांत कुजबुजत होत्या. ते ऐकून रामरावांचं डोकं आणखी फिरलं. एक बाई जिवानिशी गेली असेल आणि यांना सोवळं सुचतं!

गडाखालची जमीन काकासाहेबांची. त्यांचा कापूस वर्षानुवर्षं जालन्याच्या बालकिशनजींच्या जिनिंगात जाई, म्हणून दर पौषात ते शेटजींच्या घरच्यांना हुरड्याला बोलवत. आधी गडावर दर्शन, मग खाली शेतात आगटीवर भाजलेला हुरडा, असा ठरलेला बेत. यंदा चौघं आले होते. स्वतः बालकिशनजी, धाकटा मुलगा नवलकिशोर, त्याची बायको लाडबाई, आणि दोन वर्षांपूर्वी वारलेल्या थोरल्याची बायको चंदाबाई. त्यातली चंदाबाईच आता नव्हती.

बालकिशनजी देवळाच्या ओट्यावर बसले होते. रामरावांना पाहताच ते उठले.

"साहेब, पंचनामा जल्दी उरकून टाका. बिचारी दुःखी होती. नवऱ्यामागं मन लागत नव्हतं तिचं. जास्त बोभाटा नको."

"प्रेत कुठंय?"

"ते… टाक्यात असेल."

"असेल! प्रेत सापडलं नाही आणि तुम्ही बाराव्याच्या तयारीला लागलात?"

शेटजींनी पागोटं सारखं केलं आणि खाली बसले. रामराव एकेकाला विचारत गेले. दर्शनानंतर बालकिशनजींना ओट्यावर डुलकी लागली होती. लाडबाई तिथंच सासऱ्यांजवळ होती. काकासाहेब हुरड्याची तयारी बघायला खाली शेतात गेले होते. नवलकिशोर बुरुजांकडे फिरत होता. गड बघून येते म्हणून चंदाबाई निघाली, ती परत आली नाही. शोधाशोध झाली तेव्हा चपला दिसल्या, त्याही नवलकिशोरलाच आधी.

"खाली शेतात जाण्याआधी काकासाहेब भाभीशी बुरुजामागं बोलत होते," नवलकिशोर म्हणाला. "बराच वेळ. मी काही म्हणत नाही. पण बघितलं ते सांगितलं पाहिजे."

काकासाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "बोलत व्हतो, बराबर हाये. माझी भाची औरंगाबादेत नर्सबाईचं शिकून राह्यली. तिथं आपल्याला बी घेत्याल का, म्हून इचारत व्हती. मी म्हनलं, जा पोरी, शिक. मंग? पाप केलं का?"

"घरात हे कुणाला माहीत होतं?" रामरावांनी विचारलं.

बालकिशनजींनी मान हलवली. त्यांना माहीत नव्हतं. नवलकिशोर टाक्याकडे बघत राहिला.

रामराव काठावर उकिडवे बसले आणि चपलांकडे बघू लागले. पायात सराटा रुतून बसला होता, तो उपटताना त्यांच्या तोंडून शिवी गेली आणि ते मध्येच थांबले. मग त्यांनी गोजरबाईला वर बोलावून घेतलं.

"ही बाई सकाळी चपला घालून वर आली?"

"तर! माझ्या डोळ्यादेखत?" म्हातारी भडकली. "समद्यांनी खाली काढल्या. तिनं सोता माझ्या हातात दिल्त्या. लई मऊ बोलायची पोर."

"मग या वर कशा आल्या?"

"त्येच तर मी कवाची इचारून राह्यले. कुनी आयकतंय का?"

"मध्ये खाली कोण कोण आलं होतं?"

"काकासाहेब आल्ते, जोडा घालून शेताकडं गेल्ते. मंग हे धाकले शेट आल्ते. म्हनले, बाबूजींला तहान लागली, झऱ्याचं पानी आन. मी घागर घिऊन गेल्ते. परत आल्ते तर शेट वर निघून गेल्ते. मंग ती घागर तशीच राह्यली."

रामराव वळले. "बालकिशनजी, पाणी मागवलंत तुम्ही?"

"मी? बिलकुल नाही. माझी सुराही भरलेली आहे, ही बघा."

"मला वाटलं, बाबूजींना लागेल," नवलकिशोर घाईनं म्हणाला. "आणि म्हातारी झऱ्यावर गेली तेव्हा भाभीच खाली आली असेल, चपला घेऊन गेली असेल. मरायला निघालेल्या माणसाला देवीचं काय?"

बोलणं खोडता येण्यासारखं नव्हतं. रामरावांनी शिपायाला खाली पिटाळलं. चपलांच्या ओळीत असाच दुसरा जोड असेल तर घेऊन ये, म्हणाले. दिवाळीला दोन्ही सुनांना शेटजींनी एकाच नक्षीच्या चपला घेतल्या होत्या, हे बालकिशनजींनीच सांगितलं. शिपाई खालचा जोड घेऊन आला, तसा गावात पुन्हा कालवा झाला. "देवीची माफी मी मागेन," रामराव गरजले, "गप्प उभे राहा सगळे."

त्यांनी तो जोड लाडबाईपुढं ठेवला. "घाला पायात."

लाडबाईनं घुंघट आणखी खाली ओढला. ती हलेना.

"घाला म्हणतो ना!"

तिनं पाय घातला. टाच मागं दोन बोटं बाहेर राहिली. मग तिनं न सांगताच तो पाय काढला आणि टाक्याकाठच्या चपलेत घातला. तो बरोबर बसला.

"या माझ्या आहेत," ती घुंघटातून म्हणाली. "जिजींचा, मोठ्या जाऊबाईंचा पाय लहान आहे."

"केव्हा कळलं तुम्हाला?"

"बघितल्या बघितल्या."

"मग दुपारपासून बोलला का नाहीत?"

लाडबाईनं घुंघटाआडूनच एकदा नवऱ्याकडे पाहिलं. रामरावांनी तिला आणखी विचारलं नाही. ते काकासाहेबांकडे वळले.

"या टाक्यात बाई नाही. काकासाहेब, गडावर माणूस पडेल अशी दुसरी जागा कोणती? लवकर सांगा."

"पश्चिमेला कोठारामागं कोरडं टाकं हाये. झाडोरा वाढलाय, दिसत न्हाई. तिकडं कुनी फिरकत न्हाई."

"चला. दोर घ्या, बाज घ्या."

अनवाणी पायांनी फौजदार पळत सुटले, आणि त्यांच्यामागं गाव. कोठारामागं करवंदीच्या जाळ्या मोडलेल्या दिसल्या. काकासाहेबांनी खाली वाकून हाक मारली. उत्तर आलं नाही. दुसऱ्या हाकेला खालून कण्हण्याचा आवाज आला.

गडी दोराला धरून उतरले. टाक्याच्या तळाशी वर्षानुवर्षांचा पालापाचोळा साचला होता, त्यानं चंदाबाईचा जीव वाचवला. तिचा पाय मोडला होता आणि कपाळ फुटलं होतं. पडल्याबरोबर तिची शुद्ध गेली होती. गड्यांनी तिला बाजेवर बांधलं आणि सावकाश वर ओढलं. गोजरबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि शेटजींच्या सुराहीतलं पाणी तिच्या ओठांना लावलं.

शिपायानं मात्र रामरावांची खूण बघून आधीच नवलकिशोरचं मनगट धरून ठेवलं होतं.

"हे काय, साहेब?" बालकिशनजी म्हणाले.

"सांगतो." रामरावांचा आवाज चढला. "विहिरीत उडी घेणारी बाई काठावर चपला सोडते, हे तुमच्या मुलाला माहीत होतं. तो आयुष्यभर तेच ऐकत आला. पण इथं प्रत्येक माणूस अनवाणी चढतो, हे त्या घाईत विसरला. भाभीला इकडं ढकललं, आणि मग आठवलं की काठावर ठेवायला चपला नाहीत. त्या खाली दरवाजाशी. म्हणून खाली धावला, म्हातारीला पाण्याला घालवलं, आणि अंगरख्यात चपला लपवून वर आणल्या."

"काकासाहेब पण खाली गेले होते," नवलकिशोर ओरडला.

"गेले होते. पण गावाला विचार. काकासाहेबांनी उद्या खून केला तरी ते दरवाजाच्या आत चपला आणणार नाहीत. इथला माणूस ती चूक करणार नाही. ती चूक बाहेरच्याचीच. आता राहिली भाभी. ती स्वतः चपला आणायला गेली असती तर स्वतःच्या आणल्या असत्या. बाईला आपली चप्पल अंधारात नुसत्या पायानं कळते. लाडबाई उचलती तर तिनं स्वतःच्या सोडून भाभीच्याच उचलल्या असत्या. दोघींच्या चपलांत गोंधळ घालणारा एकच. घरातल्या बायकांच्या पायात काय आहे याकडे ज्यानं कधी लक्ष दिलं नाही तो."

नवलकिशोरनं हात सोडवायचा प्रयत्न केला. शिपायानं पकड घट्ट केली.

"आणि चपला तिकडं ठेवायच्या कशाला? लोकांनी पाणी ढवळत बसावं, इकडं कुणी येऊ नये, म्हणून. माझ्या पायात सराटा मोडला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती खरंच त्या टाक्यात असती तर काठावर चपला आणून ठेवायची कुणाला गरजच नव्हती."

"पण का?" बालकिशनजींनी मुलाला विचारलं. "का रे?"

नवलकिशोरचं अवसान गेलं होतं. भाभी औरंगाबादेत जाणार, तिथं वकिलांना भेटणार, नव्या कायद्यानं दादाचा हिस्सा मागणार, निम्मं जिनिंग घेऊन जाणार, असं तो तुटक तुटक बोलला. बुरुजाआडून त्यानं काकासाहेबांचं आणि तिचं बोलणं ऐकलं होतं. त्यात वकिलाचं नावही नव्हतं, हे काकासाहेबांनी तिथल्या तिथं सांगितलं. पण चोराच्या मनात चांदणं.

बालकिशनजींनी रामरावांपुढं हात जोडले. "साहेब, एकच मुलगा राहिलाय. पोरगी जिवंत आहे, देवीनं राखली. पाय घसरून पडली असं लिहा. इलाजाचा सगळा खर्चा माझा. घरातली गोष्ट घरात राहू द्या. इज्जतीचा सवाल आहे."

रामरावांना संताप अनावर झाला. मघाशी हीच इज्जत तिला बुडालेली म्हणून कागदावर लिहून घ्यायला निघाली होती. ते तोंड उघडणार, तोच बाजेवरून आवाज आला.

"बाबूजी."

सगळे वळले. चंदाबाईचा घुंघट पडला होता, आणि सासऱ्यांसमोर तिनं तो ओढला नाही.

"मी वाटणी मागितलीच नव्हती. मला फक्त शिकायला जायचं होतं." तिनं कळ सोसून श्वास घेतला. "आता दोन्ही पाहिजे. आणि साहेब, मला कुणी ढकललं ते माझ्या तोंडून लिहून घ्या."