कुणी धाडलं राजेंद्रला?

"एक माणूस गिळलं तुमच्या पथकानं, आता माजी पोरगीबी द्या त्याला!"

रेणुकानं पायलच्या हातातलं पथकाचं नारिंगी जॅकेट हिसकावलं आणि सासूच्या पायाशी फेकलं. भामाबाईंनी ते उचलून त्याची घडी घातली... दहा वर्षं त्या सुनेचे असे बोल सोसतच आल्या होत्या!

उर्से गावच्या बुद्धविहारातल्या पोरांचं ते पथक. एक्स्प्रेसवेवर गाडी उलटली की सगळ्यांच्या आधी पोचणारं, जखमी कुठला, कुणाचा, हे न विचारता उचलणारं. ते उभं केलं भामाबाईंच्या मालकांनी. पुढं मुलगा राजेंद्र त्यात सामील झाला. पथकाचं नाव निघालं की भामाबाईंचा ऊर भरून यायचा! अन् आज एकोणीस वर्षांची नात त्याच वाटेनं निघाली होती.

दहा वर्षांपूर्वी एके दिवशी राजेंद्र उलटलेल्या गाडीतून दोघांना बाहेर काढून घरी आला, हातपाय धुऊन जेवायला बसला. रेणुका कंपनीत कामावर होती. "गाडीत दुधाची बाटली पडलीवती," तो सहज बोलून गेला. नऊ वर्षांच्या पायलनं विचारलं, "मग बाळ कुटं हाय, पप्पा?" हातातला घास तसाच टाकून तो उठला, परत धावला... आणि रस्ता ओलांडताना ट्रकनं त्याला उडवलं. गाडीत बाळ नव्हतंच!

"परत कुणी धाडलं त्यांना?" रेणुकानं ऊर बडवत विचारलं, तेव्हा भामाबाईंना दाराआड भेदरलेली नात दिसली. "म्या धाडलं," त्या म्हणाल्या. पोरीनं हा सल घेऊन जन्म काढू नये, एवढीच त्या माउलीची तळमळ! राजेंद्रच्या मागं झालेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीला साऱ्या बाया रेणुकाभोवती बसल्या; लेकाला मरणाच्या दारात धाडणाऱ्या आईजवळ कोण बसणार? पायल सगळं विसरली असेल, असंच त्या धरून चालल्या होत्या.

"आई, आजीला बोलू नको," पायल दोघींच्या मधे येत म्हणाली. "बाळाचं मी विचारलं..."

"गप, पोरी!" भामाबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. पायलनं तो बाजूला केला.

"मी विचारलं म्हणून पप्पा परत गेले. आजी तर जेवून जा म्हणत होती!"

रेणुकानं लेकीला छातीशी घट्ट धरलं. "न्हाई गं बाळा... तू लहान व्हतीस, तुजा काय दोष?" मग सासूबाईंचा तरी काय होता! ती सासूपुढं खालीच बसली.

"आत्या, काय काय बोलले मी तुमाला... कशापायी सोसलंत?"

"माजं लेकरू गेलंच व्हतं गं. तुजं तरी ऱ्हावं, म्हनलं."

माझं लेकरू... रेणुकाच्या काळजाचं पाणी पाणी झालं. या बाईचा मुलगा गेला होता, आणि तिला कुणी रडूसुद्धा दिलं नव्हतं!

"पायल, विहारात सांग, आज थोडा उशीर हुईल म्हणून. आधी आजीपाशी बस."

"माजं काय आता... भाकरी करायच्यात," म्हणत भामाबाई उठायला गेल्या. रेणुकानं त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. त्यांच्या तोंडून "राजा रं..." अशी एकच हाक फुटली, आणि दहा वर्षांनी त्या घरात राजेंद्रची आई रडली.