माशी नसताना

अंगणातला नळ कुणीतरी ठिबकत ठेवला होता. तो बंद करायला मी जिना उतरले. काम एवढंच. वाकले, आणि मुलाची गाडी मागे सरकत आली. हँडब्रेक ओढायचा राहिला, म्हणे.

घोट्यापासून पोटरीपर्यंत कातडं सोलून निघालं, आतलं हाड दिसायला लागलं. दवाखान्यात मुलगा डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "कापूनच टाका. या वयात कशाला एवढा खटाटोप? खालच्या खोलीत टाकू तिची खाट."

"पाय माझा आहे आणि वरची खोलीही माझीच," मी म्हटलं. "कापायचंच असेल तर याची जीभ कापा."

बाई हसल्या. जखम साफ करून त्यांनी हाडावर एक पांढरट, ओलसर तुकडा अंथरला.

"ही कृत्रिम त्वचा, आजी. जनावराच्या कातड्यातल्या तंतूंची जाळी. तुमचं मांस हळूहळू हिच्यात वाढेल. मग वरून तुमच्याच मांडीची पातळ कातडी लावू."

"आणि जनावराचं काय उरतं?"

"काही नाही. विरघळून जातं."

पांढरं होतं ते लाल झालं, मांडीची कातडीही धरली. एका दुपारी बाईंनी पट्टी सोडली होती. स्पिरिटचा वास, पंखा बंद, खिडक्या बंद. मुलगा दारात आला, आणि पायावरचं नवं कातडं थरथरलं.

माझं आयुष्य गोठ्यात गेलंय. अंगावर माशी बसली की जनावर नेमकं तेवढंच कातडं थरथरवतं. पाय हलत नाही, शेपूटही नाही. माणसाला ते जमत नाही. बघा करून.

"बाई... हे बघा."

त्यांनी सुई टोचली. "कळतंय?"

"नाही."

"इथे अजून संवेदनाच नाही, आजी. भास असेल."

"काय झालं गं आई?" म्हणत मुलगा खाटेजवळ आला. कातडं सरसरत गेलं, पार घोट्यापर्यंत. बाईंनी हात झटकन मागे घेतला.

"माशी असेल..." त्या पुटपुटल्या. माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

मी घरी आले ती माझ्या पायांनी जिना चढून. जीभ झिजेपर्यंत 'कापा, कापा' करणारा आता 'आई, आई' करत चहा आणून देतो. त्याचं पाऊल जिन्यावर वाजायच्या आधीच पायाला कळतं. मग मी चहा खिडकीतून ओतते. मला वेडी म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं.

आत्ता तो खालून हाक मारतोय, "आई, तपासणीला जायचंय ना? उतर सावकाश. गाडी उलटी घेऊन दाराशीच आणतो..."

गाडी सुरू झाली. मी लुगडं वर सारून पाय बघितला. जोडलेलं कातडं अगदी गप्प आहे.

थरथरतोय तो दुसरा पाय. धडधाकट.