रोबोच्या डोक्यावरचा पोचा

पारनेरहून नगरला निघालेल्या एस.टी.त मनवाला जेमतेम बसायला जागा मिळाली. शेजारच्या तरुणाच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती. भाळवणीच्या अलीकडे गाडी खड्ड्यात आदळली, पिशवीतून गंजलेला पत्र्याचा हात बाहेर आला... आणि थेट तिच्या ओढणीत अडकला.

तरुण ओढणी सोडवू लागला, पण आपलं बोट तिला लागू नये म्हणून इतका जपून, की ती जास्तच गुंतली. शेवटी मनवानंच ती सोडवली. हातामागोमाग अख्खा रोबो बाहेर आला. वीतभर उंच, चौकोनी डोक्याचा, छातीवर छापलेल्या रंगीत तबकड्या, पाठीत चावीचं भोक. डोक्याच्या उजव्या बाजूला मोठा पोचा.

तरुणाचं नाव कानिफनाथ. पारनेरला त्याचं टेम्पो-ट्रॅक्टर रंगवायचं गॅरेज होतं. हा रोबो त्याच्या थोरल्या बहिणीचा, सुकन्याचा. वडील ट्रक चालवायचे तेव्हा त्यांनी तो मुंबईहून आणला होता. सुकन्या दसऱ्याला यायची होती आणि त्याआधी तो नव्यासारखा करायचा होता. बेत सरळ होता. पॉलिश पेपर मारून गंज आणि जुना रंग उतरवायचा, पोचा ठोकून काढायचा, प्रायमर द्यायचा आणि वर ट्रॅक्टरच्या लाल रंगाचे दोन हात. तो रंग आणायलाच तो नगरला निघाला होता.

मनवा नगरच्या एका छोट्या संग्रहालयात जुन्या वस्तूंची निगा राखायचं काम करायची. त्याचा बेत ऐकून तिनं रोबो दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"असं नका करू," ती म्हणाली. "या तबकड्या एकदा गेल्या की गेल्या. रोबो छान दिसेल... पण तुमच्या बहिणीला तो ओळखू येणार नाही."

त्यानं खिडकीची काच ओढून घेतली. काचेवरून पावसाचे थेंब तिरके पळत होते. मग हळूच म्हणाला, "मग तुमीच सांगा, काय करायचं."

त्या दिवशी त्यानं रंग घेतलाच नाही.

मग दर गुरुवारी तो संग्रहालयातल्या तिच्या खोलीत येऊ लागला. तिनं कापसाच्या बोळ्यानं, तेलाचा थेंब थेंब लावून गंज सोडवायला घेतला. दिवसाला दोन बोटं जागा, त्याहून जास्त नाही. त्यानं आतली चाकं डिझेलमध्ये धुतली आणि एक झिजलेलं चाक जुन्या गजराच्या घड्याळातून काढून बसवलं. ट्रॅक्टरवर पट्टे ओढणारे ते दांडगे हात इतकं नाजूक काम करतात, हे बघताना मनवाच्या हातातला बोळा तसाच राहायचा.

एकदा तो फक्त एक स्क्रू दाखवायला चाळीस किलोमीटर आला. तिनं विचारलं, फोटो पाठवला असता तर?

"फोटोत दिसत न्हाई."

"काय, स्क्रू?"

"स्क्रू दिसतो," तो म्हणाला, आणि मान खाली घालून चाकाला तेल द्यायला लागला. चाकाला तेल आधीच दिलेलं होतं.

पोच्याचं मात्र काही ठरेना. कानिफनाथ दहा मिनिटांत तो सपाट करू शकत होता, वडिलांचाही तसा आग्रह होता. तरी तो टाळत होता. शेवटी भाद्रपदातल्या एका गुरुवारी त्यानं खरं सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी सुकन्यानं जातीबाहेर लग्न करायचं म्हटलं, तेव्हा वडिलांनी रागाच्या भरात हाच रोबो भिंतीवर फेकला होता. ती त्याच दिवशी घरातून गेली, ती आता पहिल्यांदा येत होती. वडिलांना ती खूणच नको होती.

मनवानं हातातला बोळा खाली ठेवला. आपण पाठकांच्या घरातली, हा शेतकरी मराठ्यांच्या... हे दोघांनाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं, फक्त कुणी बोललं नव्हतं.

"गंजाचं मी ठरवते," ती म्हणाली. "पोच्याचं ठरवायचा हक्क एकाच माणसाला आहे. तुमच्या वडिलांना घेऊन या."

पुढच्या गुरुवारी कानिफनाथचे वडील बजरंगराव आले. टोपी मांडीवर ठेवून बसले. मनवानं रोबो त्यांच्यापुढे ठेवला. छातीवरच्या लाल-पिवळ्या तबकड्या आता स्वच्छ दिसत होत्या. पोचा काढला तर तिथला जुना रंग तडकून निघेल, राहू दिला तर तो कायम दिसेल, असं तिनं दोन्ही बाजूंनी सांगितलं आणि थांबली. म्हाताऱ्यानं पोच्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिले.

"तिला ठाऊकच हाय मी काय केलं ते," ते म्हणाले. "बुजवून कुनाला फसवू? ऱ्हाऊ दे, पोरी."

दसऱ्याला कानिफनाथनं मनवालाही बोलावलं. सुकन्या नवऱ्याला आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. दारात सगळेच अवघडले. आई, मालनबाई, तांब्या हातात घेऊन नुसत्या उभ्या. मग मुलीनं रोबोला चावी दिली आणि तो खरखरत, एक पाय किंचित ओढत, ओटीवर चालू लागला. सगळे त्याच्याकडे बघू लागले, तेवढाच आधार.

मुलीनं विचारलं, याच्या डोक्याला काय झालं?

"मी फेकला हुता," बजरंगराव म्हणाले. मग लेकीकडे बघून, "चुकलं माझं, सुकन्या."

सुकन्या पुढे झाली. येऊन त्यांच्या शेजारी टेकली आणि पदरानं डोळे पुसत राहिली. मालनबाईंनी जावयाला हात धरून पाटावर बसवलं.

संध्याकाळी कानिफनाथ मनवाला स्टँडवर सोडायला गेला. रोबो उद्या सुकन्याबरोबर तिच्या घरी, नाशिकला जाणार होता. आता गुरुवारी काय आणू, असं त्यानं विचारलं, पण हसून विचारलं नाही.

नगरची गाडी लागली. मनवा पायरीशी थांबली.

"आज घरी सांगणार आहे मी," ती म्हणाली. "तुझ्याबद्दल."

'तुझ्या' हा शब्द त्याला उशिरा कळला. कळला तेव्हा कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

"तुमचे... तुझे बाबा काय म्हणतील?"

"चिडतील. चार दिवस बोलणार नाहीत," ती म्हणाली. "म्हणून सांगताना तू शेजारी असलास तर बरं होईल."

कंडक्टरनं घंटी दिली. कानिफनाथनं गॅरेजची किल्ली खिशात आहे का ते चाचपलं, आणि तिच्यामागोमाग गाडीत चढला.