ताणलेलं तोरण

पोळ्याच्या सकाळी सेलूजवळच्या एका गावात दोन खांबांना बांधलेलं दोराचं तोरण तुटलं. पोळा फुटायला, म्हणजे बैलजोड्या तोरणाखालून निघायला, अजून अख्खी दुपार होती. तोरणाच्या मधोमध बांधलेली पितळी घंटा मातीत पडली, आणि गावानं लगेच कैलासला गुन्हेगार ठरवलं. आज बैलजोडी आणायची नाही, असंही त्याला बजावलं.

कैलासनं वर्ध्याहून सुरभीला बोलावलं. सुरभी एरवी लग्नाच्या स्थळांची गुप्त चौकशी करायची. सोबत धनंजय होता. तो मोटारसायकल झकास चालवायचा, विचार मात्र सावकाश करायचा.

"ताई, बाबा गेल्यावर म्या घेतलेली पहिली जोडी हाये ही," कैलास म्हणाला. "ते तोरणाखालून नाई गेली, तं गावात कोणत्या तोंडानं राहू?"

"तोरणापाशी तुमच्या हातात विळा होता म्हणे?"

"होता. गवत कापाले गेलतो."

"मग संपलंच," धनंजय पुटपुटला.

आखरावर, म्हणजे पोळा भरायच्या मैदानात, सुरभी बराच वेळ रेंगाळली. दोर गाठीपाशी तुटला होता आणि टोकाच्या झिपऱ्या झाल्या होत्या. दोन्ही खांब एकमेकांकडे झुकलेले, बुडाशी बाहेरच्या बाजूची माती उकललेली. एका खांबाला कितीतरी जादा दोर गुंडाळलेला होता.

दोर आणणारे बंडूजी तिथंच होते. "दरसालच्या मापाचाच हाये, नवाकोरा. घंटाही तेच. मागच्या साली गाठ मारून वीतभर उरलता फक्त."

तोरण बांधायचा मान म्हाताऱ्या नत्थूजींचा. आळ घेणारेही तेच. "नवा दोर आपोआप तुटते काय? त्यानंच कापला. त्याच्या गोठ्याची भित वर गेली, तवापासून बोलणं नाई आमचं."

नत्थूजींच्या घरी त्यांची बायको रुख्माबाई खिडकीशी खाटेवर पडून होती. खिडकीबाहेर कैलासच्या गोठ्याची विटांची भिंत.

"इथून आखर दिसे, माय. आता भित दिसते. ह्यायले म्हटलं बी, घंटा दिसत नाई आता."

"खाट उचलून नेली तर?"

"लोकायच्या खांद्यावर एकदाच जाईन," रुख्माबाई हसून म्हणाली. सुरभीला मात्र हसता आलं नाही.

थोड्या वेळानं तिनं सगळ्यांना आखरावर गोळा केलं. तुटलेल्या दोरात पाण्याची बादली अडकवली आणि दोन टोकं धनंजय आणि कैलासच्या हाती दिली.

"जवळ उभे राहा. उचला."

बादली सहज उचलली गेली.

"आता मागे सरका. दोर सरळ करा."

दोघांनी सगळा जोर लावला. धनंजयच्या तळव्यांवर वळ उठले, तरी दोर काही सरळ होईना.

"बादली तीच," सुरभी म्हणाली. "झोळ असला की दोन्ही बाजूंचा दोर वजन वर उचलून धरतो. सपाट केला की त्याचा बहुतेक जोर आडवा जातो. तेवढंच वजन पेलायला ताण कितीतरी पट वाढतो. विळ्यानं कापला असता तर टोक साफ असतं. हा ताणानं तुटलाय. म्हणून खांब आत ओढले गेले. दोर मापाचाच होता, तरी इतका उरला, कारण या साली कोणीतरी झोळ काढून घेतला. नत्थूजी, भिंतीवरून घंटा दिसावी म्हणून ना?"

"माह्यानंच तुटलं?" नत्थूजी झुकलेल्या खांबांकडे बघत म्हणाले. "खांब उंच नोयते, बाई. तिले एकडाव दिसाले पाह्यजे होती."

मग त्यांनी कैलासपुढे हात जोडले. कैलासनं ते धरून खाली केले. तो घरी गेला आणि सब्बल, म्हणजे पहार, घेऊन गोठ्याच्या भिंतीला भिडला.

दुपारी तोरण पुन्हा लागलं, चांगला झोळ देऊन. कैलासची जोडी नत्थूजींच्या जोडीमागे उभी होती. सुरभी रुख्माबाईपाशी बसली. भिंतीला पडलेल्या भगदाडातून आखर दिसत होता, पण घंटा तेवढी वरच्या विटांआड गेली होती.

"घंटा नाहीच दिसत हो," सुरभी हळहळली.

"घंटा कोणाले पाह्यची होती, माय?" रुख्माबाईचे डोळे भरून आले. "तिच्याखालून हे जाते नं, नवं धोतर नेसून. मले सालभर त्याचीच आस रायते."

नत्थूजी बैलांसकट तोरणाखाली थांबले. घंटेकडे बोट दाखवून ते लांबूनच खुणेनं विचारत होते, दिसते का म्हणून.

रुख्माबाईनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि होता तेवढा जीव एकवटून ओरडली, "दिसते, दिसते!"