फाटकापलीकडचा समुद्र

सासूबाईंना युरोपच्या जमिनीचं उत्तर टोक पाहायचं होतं. कोथरूडच्या शाळेत भूगोल शिकवताना जन्मभर नकाशावर बोट ठेवून दाखवलेला नॉर्वेचा किनारा, मुलाच्या आयटीतल्या नोकरीमुळे आता गाडीच्या काचेबाहेर होता. सोमवारी त्यांचं परतीचं विमान होतं. म्हणून फेब्रुवारीतल्या त्या दुपारी आम्ही भाड्याच्या गाडीतून निघालो. पुढे त्या, स्टिअरिंगवर माझा नवरा दिग्विजय, मागे मी.

शेवटच्या गावाबाहेर फाटक बंद होतं. रस्ता बर्फाखाली गेला की तिथे थांबायचं आणि बर्फ सारणारी गाडी आली की तिच्यामागे रांगेने जायचं, असा नियम.

"एवढंसं तर राहिलंय," म्हणत दिग्विजयने गाडी फाटकाच्या बाजूने घातली, पुण्यात घोरपडीच्या रेल्वे फाटकाला सगळे दुचाक्या घालतात तशी! मी पट्टा घट्ट केला. सासूबाई तर हसल्याच.

वळण संपलं आणि वारा अंगावर आला. पुढे पांढरं, मागे पांढरं. समुद्र नुसता ऐकू येत होता, तोही फार जवळून. चाक घसरलं. गाडी रुतली!

"रस्त्याची कड दाखवणारा खांब कुठे आहे, तेवढं बघून येतो."

"दिग्या, उतरू नकोस!" सासूबाई ओरडल्या.

तो उतरला. दोन पावलांवर दिसेनासा झाला. मी काच खाली करून हाका मारल्या. वाऱ्यात मलाच त्या ऐकू येईनात. समुद्राच्या बाजूला गेला असेल तर? मी दाराला हात घातला. सासूबाईंनी माझं मनगट पकडलं.

"बस खाली. एक गेलाय तेवढा पुरे."

भयंकर राग आला मला त्यांचा.

मग त्या वाकल्या आणि त्यांनी हॉर्न दाबून धरला. आठवडाभर याच हॉर्नवरून मुलाला टोकत होत्या, "हे पुणं नाही" म्हणून! आता हात उचलेनात. त्यांचा हात भरून आला की मी दाबायचे. अंधारून आलं. "मी कशाला हट्ट केला," त्या पुटपुटत राहिल्या.

काचेवर थाप पडली! दिग्विजय! उजव्या हाताला हातमोजा नव्हता. बोटं मेणासारखी पांढरी पडली होती.

"आवाजावर आलो," एवढंच तो बोलला.

बऱ्याच वेळाने बर्फ सारणारी गाडी आली. तिच्या चालकाने आम्हाला चार शब्द सुनावले, आमची गाडी ओढून काढली आणि टोक पुढच्याच चढापलीकडे असल्याचं सांगितलं. सासूबाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मागे फिरा," त्या म्हणाल्या. "आधी दवाखाना."

दिग्विजयची दोन बोटं गेली.

पुढे आम्हीही पुण्यात परतलो, तेव्हा एकदा घोरपडीचं फाटक लागलं. दिग्विजय थांबला. बाजूने दुचाक्या घुसत होत्या, मागचे हॉर्न बडवत होते. उरलेल्या बोटांनी त्याने स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. मी काच वर करायला गेले.

"राहू दे गं," सासूबाई म्हणाल्या. "वाजू दे."