दुपारची खुर्ची

तिसरा भाडेकरूही बॅग भरू लागला, तसा घरमालक गुप्तहेर वहिनींच्या दारात येऊन उभा राहिला. एका जागी बसवेना त्याला, हातातली किल्ली नुसती खुळखुळत होती. वहिनींचे धाकटे दीर, भाऊजी, मदतीला होतेच. त्यांचं डोकं सावकाश चालायचं, पण संशय मात्र लगेच यायचा.

मालकाच्या घराला लागून वेगळ्या दाराची एक खोली होती. त्याची आई तिथे राहायची. तिला त्याने बहिणीकडे पाठवलं आणि खोली भाड्याने दिली. आता भाडेकरू कामावर गेला की आत कोणीतरी शिरायचं. कुलूप शाबूत, चोरी नाही, फक्त खुर्ची फिरवलेली.

"हाही गेला तर खोली वरच्या शिंप्याला विकून मोकळा होतो," मालक म्हणाला.

झालं, भाऊजींचा शिंप्यावर संशय बसला. पण शिंपी दिवसभर गिऱ्हाइकांत अडकलेला आणि त्याच्याकडे किल्लीही नव्हती. एक किल्ली मालकाच्या हातात, दुसरी भाडेकरूकडे. तिसरी आईने नेली असणार, असं मालकाचं म्हणणं. वहिनींनी आईलाच फोन लावला. किल्ली घरातच ठेवून आले, ती म्हणाली, आणि सून वेळेवर जेवते का, हेही विचारलं.

सगळे खोलीत गेले, तर खुर्ची खोली आणि मालकाचं घर यांच्यामधल्या बंद दाराकडे तोंड करून होती. मालक म्हणाला, आई तर कायम खिडकीत बसायची. मग सगळे त्याच्या स्वयंपाकघरात गेले, तर दाराच्या या बाजूला एक स्टूल, तेही दाराकडेच. मालकाची बायको, म्हणजे आईची सून, खाली मान घालून भाजी निवडत होती.

"शिंप्याला भाडेकरू पळवून लावायचे असते, तर त्याने खुर्ची कशीही फिरवली असती," वहिनी म्हणाल्या. "ही दर वेळी दाराकडेच. तुम्ही आईला सुट्टीच्या दिवशी पाहिलंत, खिडकीत. दुपारी ती कुठे बसायची, हे दुपारी घरी असणाऱ्यालाच ठाऊक. आणि किल्ली घरातच आहे."

भाऊजींनी आ वासला.

"दार उघडं टाकून बोलत बसायचो आम्ही," सून म्हणाली. "पहिल्यांदा नुसती आठवण आली म्हणून गेले. तो भाडेकरू पळाला, तेव्हा वाटलं, खोली रिकामी राहिली तर आई परत येतील."

"मला सांगायचंस ना."

"सांगितलं होतं. तुम्ही हसलात. म्हणालात, सासू-सुनेचं कधी पटलंय का?"

मालकाच्या हातातली किल्ली खुळखुळायची थांबली. त्याने आईला फोन लावला आणि बायकोपुढे धरला. सुनेने तो कानाला लावला.

"आई," ती म्हणाली, "मी जेवले नाहीये अजून. तुम्ही कधी येताय?"