खिडकीतली कोंबडी

"कुणी सांगितलं होतं एवढं गुळगुळीत करायला? आता तूच निस्तर!"

पडद्यामागची ही कुरकुर भाऊजींच्या कानावर पडली आणि त्यांनी ती सोडून दिली. खासगी तपास करायची ती वहिनी. भाऊजींचं काम तिची गाडी चालवणं आणि मिळेल तिथं चहा पिणं.

पडदा सरकला. संग्रहालय चालवणाऱ्या मास्तरांची सून चहा घेऊन आली, तिच्यामागून चौकटी करणारा सुतार. दोघांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी.

गावाचं संग्रहालय म्हणजे जुन्या शाळेची एक लांब खोली. नांगर, मापं, शाळेची घंटा, आणि भिंतीभर गावातल्याच माणसांनी काढलेली चित्रं. चित्रकलेच्या मास्तरांनी निवृत्तीनंतर दारोदार फिरून ती जमवली होती.

"आमच्या हिनं जन्मात एकच चित्र काढलं," मास्तर म्हणाले. "खिडकीत बसलेली कोंबडी. चोरानं ते नेलं आणि नक्कल टांगली. आज सापडलं नाही तर संध्याकाळी दाराला कुलूप! गेलेल्या बायकोची एक कोंबडी ज्याला सांभाळता येत नाही, तो गावाचा ठेवा काय सांभाळणार?"

भाऊजींनी भिंतीकडे पाहिलं. पिवळी खिडकी, ठिपक्यांची कोंबडी, तिला चक्क मांजराचे कान. शेपटीत एक खरंखुरं पीस चिकटवलेलं, त्यावरचा रंग जुना होऊन तडकलेला. चौकटीभोवती भिंतीवर रुंद फिकट पट्टा.

"नक्कल कशी ओळखलीत?" वहिनीनं विचारलं.

"हात लावला की कळतं. त्यानंतर मी त्या चित्राचं तोंडसुद्धा बघितलं नाही!"

मग त्यांनी सगळं फिरवून दाखवलं. प्रत्येक चौकटीचा खालचा कोपरा बोटांनी चाचपायचा आणि मगच गोष्ट सुरू करायची. गोष्टी अशा रंगल्या, की भाऊजी चित्रं बघायचीच विसरले. मध्येच ते घंटेकडे सरकले, तरी मास्तर त्यांच्या मघाच्या जागेकडे तोंड करून सांगतच राहिले. बोलण्याचा नाद, दुसरं काय!

वहिनीनं सुनेला बाजूला घेतलं.

"चोरी? बाबा म्हणतात म्हणजे झालीच."

"तुम्हाला ही नक्कल वाटते?"

"मला बाई चित्रातलं काय कळतंय? चहा घ्या ना अजून."

सुतार समोरच्याच छपराखाली काम करायचा. "मी आपला लाकडापुरता," एवढंच तो चारदा म्हणाला. त्याच्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली उंदरांनी कुरतडलेली एक पट्टी खुपसलेली होती. वहिनीनं ती ओढून काढली, टेबल कललं आणि चहा भाऊजींच्या पँटवर.

"सुतारानं नक्कल केली, सुनेनं साथ दिली. झालं!" पँट झटकत भाऊजी म्हणाले.

"मांजराच्या कानांची कोंबडी चोरून विकणार कुणाला, भाऊजी?"

संध्याकाळी मास्तर कुलूप हातात घेऊनच उभे होते.

"मास्तर, चित्र सापडलं," वहिनी म्हणाली. "ते जागचं हललंच नव्हतं. शेपटीतल्या पिसावरचा रंग जुना, तडकलेला आहे. कालपरवाच्या नकलेचा रंग तडकत नाही. भिंतीवरचा फिकट पट्टा मात्र चौकटीबाहेर दिसतो, आधीची चौकट याहून रुंद होती. म्हणजे बदलली ती फक्त चौकट. ही जुन्या चौकटीची पट्टी."

तिनं ती मास्तरांच्या हातात दिली. त्यांचा अंगठा सरळ कुरतडलेल्या खाचेत जाऊन बसला, जसा पाय जुन्या चपलेत बसतो.

"पुसताना पडलं हो बाबा माझ्या हातून, चौकट मोडली," सून पुटपुटली. "म्हणून नवी करून घेतली."

"चांगली तासून दिली होती," सुतार म्हणाला. "तीच नडली."

"पण चित्र तर समोरच होतं!" भाऊजी म्हणाले. "मग मास्तरांना ते..."

वहिनीचा पाय त्यांच्या पायावर पडला. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला. चोरी झाली नाही, हे सुनेला आणि सुताराला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण तेवढं एक सांगायचं, तर त्यापुढचंही सांगावं लागलं असतं.

 सुनेनं हळूच मास्तरांच्या हातातलं कुलूप काढून घेतलं.

"उद्यापासून दार मी उघडीन, बाबा. गोष्टी मात्र तुम्हीच सांगायच्या."

मास्तर बराच वेळ त्या खाचेवरून अंगठा फिरवत राहिले. मग त्यांनी चाचपडत तिचा हात धरला.

"कान अजून मांजराचेच आहेत का गं तिचे? तू सांग. मला दिसत नाही."